ग्राफमधली माझी पट्टी सगळ्यांत आखूड

ताई, नमस्कार. मी २७ वर्षांची आहे. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात आईबाबांकडे राहते आणि घरूनच पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर डेव्हलपरचं काम करते. चार वर्षं झाली. दिवाळीनंतर टीमला नवीन मॅनेजर आले. त्यांनी एक डॅशबोर्ड सुरू केला आहे. दर सोमवारी मीटिंगमध्ये तो सगळ्यांसमोर उघडतात: कोणी किती कमिट केले (म्हणजे कोडमधले बदल नोंदवले), किती ओळी लिहिल्या, किती तिकिटं (नेमून दिलेली कामं) बंद केली. आठ जणांच्या आठ पट्ट्या, त्यात माझी सगळ्यांत आखूड. ते रागावत नाहीत. एवढंच म्हणतात, 'जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही.' गेले तीन महिने माझ्याकडे पेमेंटचं जुनं मॉड्यूल आहे. त्यातली एक ओळ बदलायची तर दोन दिवस वाचावं लागतं. नवीन दोघांचा कोड तपासायचं काम, म्हणजे रिव्ह्यूही, मीच करते. आमच्याकडे लाइन जाते, टॉवर जातो, ते वेगळंच. कधी कधी मी तीन-तीन दिवस एकाच जागी अडकूनही बसते, विचारायला संकोच वाटतो. गेल्या महिन्यात मी एक चुकीची गोष्ट केली. एकाच बदलाचे सात-आठ तुकडे करून वेगवेगळे कमिट केले, नुसत्या मोकळ्या जागा इकडच्या तिकडे केल्या. पट्टी वाढली, मॅनेजर 'छान' म्हणाले, आणि मला रात्री झोप आली नाही. आई म्हणते, 'दिवसभर त्या डब्याले पाहत रायते, काम काय करते ते तं दिसत नाही.' बाबा म्हणतात, नोकरी गेली तर लग्नाचं पाहू. एप्रिलमध्ये अप्रेझल आहे. असे ग्राफ खरंच उपयोगाचे असतात का? की मीच कमी पडते आहे?

– एक वाचक

आधी त्या सात-आठ तुकड्यांचं बोलू, कारण झोप त्यांनीच उडवली आहे. तू केलंस ते चूक होतं आणि तुला ते पुरतं कळलेलं आहे, म्हणून त्यावर मी जास्त शब्द घालवत नाही. पण त्या आठवड्यात तुझ्या हाती एक पुरावा लागला. कोडमध्ये काहीही न सुधारता पट्टी वाढते, आणि वाढलेली पट्टी पाहून वरचा माणूस समाधानी होतो. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तू स्वतःच काढून ठेवलं आहेस. उरलेलं अर्धं जरा अवघड आहे. ते पुढे येईल, आणि ते तुला सगळंच आवडेल असं नाही.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचं, घरी कापूस. तुझ्याकडेही तोच असणार. वेचणीची मजुरी किलोवर आणि निंदणाची रोजावर, हे तू लहानपणापासून पाहत आली आहेस. असं का, हा विचार कधी केला होतास? वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो. गाठोडं कोणाचं, वजन किती, वादाला जागा नाही. निंदणाचं काय तोलणार? उपटलेल्या तणाचा ढीग मोठा म्हणजे काम चांगलं, असंही नाही; ज्या वावरात डवरणी (औताने तण काढणं) वेळेवर झाली तिथे ढीग लहानच निघणार. म्हणून तिथे रोज ठरतो, आणि ज्याचं वावर तो धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पिकाच्या ओळीकडे पाहतो. गवत मागे राहिलं का, खुरप्याने कपाशीचं झाड तर तुटलं नाही ना, एवढं पाहिलं की त्याला काम कळतं.

आणि जिथे काटा चालतो तिथेही काय होतं बघ. सकाळच्या दवात वेचलेला कापूस जड भरतो. घाईने वेचला की पत्ती येते, कवडी (खराब कापूस) येते, तीही वजनात जाते. म्हणून घरचं माणूस सांगतं, ऊन चढू द्या, दव उडू द्या, मग ओटी बांधा. पुढे विकताना तर नुसत्या वजनावर कोणीच भरवसा ठेवत नाही. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर गाडीतल्या कापसाचा ओलावा मोजतात: ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून, आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. कापसासारख्या उघड्या मालालाही काट्याच्या जोडीला ओलावा मोजायचं यंत्र लागतं. कमिटचा ओलावा मोजणारं यंत्र कुठेही नाही. तू मोकळ्या जागा हलवून केलेले कमिट हा दवातला कापूस होता, आणि तुमच्या डॅशबोर्डने तो सुक्याच्या भावाने घेतला.

तुझं सध्याचं काम निंदणाचं आहे. जुन्या पेमेंट मॉड्यूलमध्ये दोन दिवस वाचून एक ओळ बदलायची, आणि ती बदलताना बाकी काही तुटू द्यायचं नाही. त्या एका ओळीला काट्यावर वजन नाही. तुझ्या शेजारची पट्टी ज्याची आहे तो कदाचित नवीन स्क्रीन बनवतो आहे. तिथे दिवसाला तीनशे ओळी सहज होतात, त्यात काही गैरही नाही. दोघांची गाठोडी एकाच काट्यावर ठेवली, एवढंच चुकलं.

हा प्रकार फार जुना आहे. १९८२ मध्ये ॲपल कंपनीत लिसा नावाचा संगणक तयार होत होता. तिथल्या मॅनेजरांनी ठरवलं की प्रत्येकाने आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरून द्यायचं. बिल ॲटकिन्सन हे तिथले मोठे प्रोग्रामर; पडद्यावर चित्र काढणारा कोड त्यांचा. नेमक्या त्याच दिवसांत त्यांनी त्यातला एक गुंतागुंतीचा भाग नव्याने मांडला. काम जवळपास सहापट वेगाने होऊ लागलं आणि कोड सुमारे दोन हजार ओळींनी कमी झाला. फॉर्मवरच्या ओळींच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: उणे २०००. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं. तुमच्या सोमवारच्या पडद्यावर त्या आठवड्यात ॲटकिन्सन यांची पट्टी कुठे दिसली असती, सांग. त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने सरकारच्या पैशाच्या धोरणाबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं: एखाद्या आकड्यावर कारभार टेकवला, त्याच्यावर दाब दिला, की तो आकडा आधी जे सांगत होता ते सांगेनासा होतो.

तुमच्या मॅनेजरांच्या तोंडच्या वाक्याशी जुळणारं एक वाक्यही त्याच काळातलं. मोजता येत नाही त्यावर ताबा ठेवता येत नाही, हे सॉफ्टवेअरवर लिहिणारे टॉम डीमार्को यांनी १९८२ मध्ये लिहिलं आणि सॉफ्टवेअरच्या जगात ते रुजलं. २००९ मध्ये त्याच डीमार्को यांनी लेख लिहून आपल्या म्हणण्याचा फेरविचार केला. त्यांचा मुद्दा मला फार पटतो. दहा लाख डॉलर खर्चून जेमतेम अकरा लाख मिळणार असतील तर पैपैचा हिशेब ठेवावाच लागतो. त्याच दहा लाखांतून पाच कोटी उभे राहणार असतील तर असा ताबा ठेवण्याला फारसं महत्त्व उरत नाही. म्हणजे प्रश्न मोजण्याच्या आधीचा आहे: आपण जे करतो आहोत ते करण्याजोगं आहे का? पट्टी याबद्दल काहीच बोलत नाही.

तरी तुमच्या मॅनेजरांना मी दोषी धरून बसणार नाही, कारण मी स्वतः हेच केलेलं आहे. या क्षेत्रात मी बावीस वर्षं काढली, त्यातली काही वर्षं टीम सांभाळली. एका कंपनीत असताना मी बंद झालेल्या तिकिटांचा तक्ता भिंतीवर लावला. हेतू चांगला होता. दोन महिन्यांत दिसू लागलं की अवघड तिकिटं कोणी उचलत नाही आणि एक मोठं काम पाच लहान तिकिटांत फुटून येतं. त्याहून वाईट झालं ते एका शांत मुलाचं. तो दिवसभर इतरांच्या अडचणी सोडवायचा. तक्ता लागल्यावर त्याने ते थांबवलं. कोणी विचारलं की 'नंतर पाहू' म्हणायचा. त्याची पट्टी वाढली आणि बाकी टीम संथ झाली. मी तक्ता काढून टाकला, पण तो मुलगा पूर्वीसारखा झाला नाही. सहा महिन्यांनी नोकरी सोडून गेला. त्याच्याशी मी तेव्हा नीट बोलायला हवं होतं, ही खंत मला अजून आहे. तुमच्या मॅनेजरांकडे नवी टीम आहे, माणसं दूरदूर बसलेली आहेत, त्यांना काहीतरी डोळ्यांना दिसायला हवं आहे. त्यांची गरज खरी आहे. साधन चुकीचं निवडलं आहे.

आता तुझी पट्टी खरोखर किती आखूड आहे, ते तपासून घे. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, प्रत्येक कमिटवर नाव आणि ईमेल नोंदवतं. कंपनीने लॅपटॉप बदलून दिला असेल, किंवा एखाद्या दिवशी तू तुझ्या जुन्या लॅपटॉपवर काम केलं असेल, तर तुझे काही कमिट दुसऱ्याच ईमेलवर पडलेले असतील, आणि डॅशबोर्डच्या लेखी ती दुसरीच व्यक्ती. टर्मिनलवर गिट शॉर्टलॉग ही कमांड ईमेल दाखवायच्या पर्यायासह चालव. एकाच माणसाची दोन-दोन, तीन-तीन नावं निघालेली मी कितीदा पाहिली आहेत. मेलमॅप नावाची एक फाईल रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, ठेवून ती नावं एकत्र करता येतात. तुमचा डॅशबोर्ड ती फाईल वाचतो का, ते मात्र विचारून घे.

दुसरं, तुमच्याकडे मर्ज कसं करतात, म्हणजे प्रत्येकाचं काम मुख्य शाखेत (कोडच्या मुख्य प्रतीत) कसं मिसळतात, ते पाहा. स्क्वॉश करून, म्हणजे सगळे कमिट एकात दाबून, मर्ज केलं की तुझे वीस कमिट मुख्य शाखेत एकच होऊन उतरतात. शेजारचा माणूस स्क्वॉश न करता मर्ज करत असेल तर त्याचे वीसच्या वीस दिसतात. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रोजचं काम दाखवणाऱ्या हिरव्या चौकटी असतात, त्यांनाही मर्यादा आहेत: कमिट मुख्य शाखेत पोचल्याशिवाय सहसा धरला जात नाही, म्हणून वेगळ्या शाखेवर महिनाभर केलेलं काम मर्ज होईपर्यंत कोरं दिसतं. नवीन दोघांपैकी कुणाला घेऊन तू एकाच पडद्यावर काम करतेस तेव्हा कमिट एकाच्याच नावावर जातो. कमिटच्या संदेशात सहलेखकाची ओळ घातली तर गिटहब दोघांची नावं दाखवतं, २०१८ पासून ही सोय आहे. त्या दोघांना ती ओळ घालायची सवय लाव. त्यांनाही शिकवणाऱ्याचं नाव लिहिण्याची सवय लागेल.

लाइनचं म्हणशील तर गिटला कमिट करायला नेट लागत नाही, हे आपल्याकडच्यांसाठी फार सोयीचं आहे. रात्री नऊला बॅटरीवर कमिट केलास आणि सकाळी टॉवर आल्यावर पुश केलास, म्हणजे सर्व्हरवर पाठवलास, तरी कमिटवर वेळ रात्री नऊचीच राहते. पण डॅशबोर्ड जर पुशची वेळ धरत असेल तर तुझी गुरुवारची रात्र शुक्रवारच्या खात्यात जाते, आणि आठवड्याच्या शेवटी लाइन गेली तर पुढच्या सोमवारच्या. हे सगळं तपासल्यावर तुझी पट्टी सगळ्यांत उंच होईल असं मी म्हणत नाही. पण मॅनेजरांशी बोलायला बसशील तेव्हा आकडा कसा बनतो हे खोलीतल्या एका तरी माणसाला माहीत असावं, आणि ती तू असावीस.

मग ग्राफ निरुपयोगी असतात का? यावर माझं मत 'नाही' असं आहे, आणि ते समजावायला मला पुन्हा कपाशीतच जावं लागेल. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आपल्याकडे काय केलं ते तुला आठवत असेल. तू तेव्हा कॉलेजात असशील. त्यानंतर वावरावावरात कामगंध सापळे, म्हणजे वासाने पतंगाला ओढणारे सापळे, दिसू लागले. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिथले शास्त्रज्ञ आणि कृषी विभागाची माणसं सांगत आली ते बाबांना पाठ असेल: एका सापळ्यात रोज आठ पतंग, असं सलग तीन दिवस झालं की धोक्याची पातळी आली. मग जाणता शेतकरी काय करतो? वावरात शिरतो. डोमकळ्या (अळी लागून मिटलेली फुलं) आहेत का पाहतो. वीस हिरवी बोंडं तोडून फोडतो, दोनांत अळी निघाली की फवारणीचं ठरवतो.

त्या सापळ्यात फक्त नर पतंग येतात. बोंड खाणारी अळी त्यात कधीच दिसत नाही. तरी सापळा हवाच, कारण आज वावरात जाऊन पाहावं लागेल हे तो वेळेवर सांगतो. पतंग मोजून कोणी मजुरी देत नाही. ज्याच्या सापळ्यात जास्त पतंग सापडले त्याला ग्रामसभेत कोणी उभं करत नाही. तसं केलं तर दुसऱ्या दिवसापासून गावातले सगळे सापळे रिकामे दिसतील आणि अळी बोंडात तशीच राहील. डेव्हलपरच्या ग्राफचा उपयोग मला एवढाच आणि असाच मान्य आहे. त्याने सांगावं, इथे जाऊन पाहा. पाहायचं काम माणसाने करावं, बोंड फोडून.

आता ते अवघड अर्धं.

गेल्या तीन महिन्यांचा तुझा स्वतःचा ग्राफ एकटीने उघड. कोऱ्या जागा कुठे आहेत ते पाहा आणि प्रत्येकीपुढे आठवून लिही: वाचत होते, रिव्ह्यू करत होते, लाइन नव्हती, की अडकले होते. पहिल्या तीन कारणांची लाज बाळगायचं काही कारण नाही. चौथं किती वेळा येतं ते मोज. तू पत्रात ते एका वाक्यात सांगून पुढे गेलीस, पण मला वाटतं तुझ्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तेच होतं. पुण्याच्या ऑफिसात माणूस खुर्ची वळवून शेजारच्याला विचारतो, चहाला जाता जाता विचारतो, आणि ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. तुझ्या खोलीबाहेर बाबांची तूर वाळत असते. तिथून विचारायचं म्हणजे लिहून विचारायचं, आणि लिहिलेलं सगळ्या टीमला दिसतं. म्हणून संकोच येतो, एक दिवस जातो, दुसरा जातो, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं तर 'इतके दिवस काय करत होतीस' म्हणतील ही भीती वर बसते. गावातून काम करणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी मला हेच लिहिलं आहे. यात हुशारी कमी असण्याचा काही संबंध नाही, पण नुकसान खरं आहे, आणि पट्टी नकळत तेच दाखवते आहे. मॅनेजरांना मात्र ते कळणार नाही, कारण तीन दिवस वाचणं आणि तीन दिवस अडकणं पट्टीत सारखंच दिसतं. फरक फक्त तुला माहीत आहे, म्हणून तो तुलाच दुरुस्त करावा लागेल.

अर्ध्या दिवसाचा नियम कर. सकाळी अडकलीस तर जेवणाच्या वेळेला प्रश्न टीमच्या चॅनलवर गेलाच पाहिजे, मग तो कितीही साधा वाटो. प्रश्नात तीन गोष्टी लिही: काय करायचं आहे, काय दिसतं आहे, काय करून पाहिलं. अशा नीट लिहिलेल्या प्रश्नाला माझ्या अनुभवात कोणी हसलेलं नाही. उलट निम्म्या वेळा लिहिता लिहिताच उत्तर सापडतं. आणि तू विचारू लागलीस की ते नवीन दोघंही विचारायला धजतील. सध्या तेही कुठेतरी अडकून बसलेले असतील.

आता मॅनेजरांशी बोलणं. सोमवारच्या मीटिंगमध्ये हा विषय काढू नकोस. सात जणांसमोर कुणालाच आपलं साधन चुकलं असं म्हणता येत नाही. वेगळी वीस मिनिटं माग, आणि एप्रिलची वाट न पाहता याच महिन्यात. पहिला प्रश्न असा विचार: 'सर, या ग्राफवरून तुम्हाला कोणता निर्णय घ्यायचा असतो?' हा प्रश्न टोमणा म्हणून विचारायचा नाही, उत्तर हवं म्हणून विचारायचा. कोण काय करतं आहे हे कळावं एवढंच असेल तर दर शुक्रवारी तू चार ओळींची नोंद पाठवशील असं सांग. अप्रेझल यावरच ठरणार असेल तर ती नोंदही त्यात धरली जावी, अशी विनंती लेखी कर. वरून मागितलं म्हणून ते करत असतील तर त्यांनाही बोलायला कुणीतरी हवं असेल.

आणि मग त्यांच्यापुढे दुसरा ग्राफ ठेव, माणसांच्या नावांशिवायचा. पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या ही विनंती, उघडल्यापासून तिच्याकडे पहिल्यांदा कोणी पाहीपर्यंत किती तास जातात, एवढाच. आकडे गिटहबवर पडलेलेच आहेत, एका दुपारी निघतील. तिकिटांचा तो तक्ता काढून टाकल्यावर पुढे मी जिथे काम केलं तिथे आम्ही हा एकच ग्राफ काढला होता, आणि दिसलं की काम लिहायला लागतो त्याहून जास्त वेळ ते कुणीतरी पाहावं म्हणून पडून राहतं. कापसाच्या हंगामात जिनिंग कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागते ना, तसं. घरून ट्रॅक्टर कितीही वेगाने आणला तरी ती रांग हलत नाही, आत काटा रिकामा व्हावा लागतो. आम्ही रोज सकाळचा पहिला तास रिव्ह्यूला दिला आणि महिन्याभरात फरक पडला. डोरा नावाचा एक संशोधन गट आहे, आता गुगलकडे. त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून जे चार आकडे सुचवले तेही याच जातीचे: बदल किती वेळा ग्राहकापर्यंत जातात, लिहिल्यापासून पोचायला किती वेळ लागतो, पोचलेल्यांपैकी किती बिघडतात, बिघडलं तर सावरायला किती वेळ. चारही आकडे अख्ख्या टीमचे, एकाही माणसाचे नाहीत. तुझा यात फायदाही आहे, तो लपवायचं कारण नाही: रिव्ह्यूची रांग मोजली गेली की ती रोज उपसणारं माणूस आपोआप दिसतं.

त्या पोकळ कमिटचं सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. माझं मत, सांग. 'गेल्या महिन्यात माझी पट्टी वाढली, त्यातले बरेच कमिट पोकळ होते. आपण कमी दिसतो याची मला भीती वाटली. पुन्हा करणार नाही.' एवढंच, जास्त क्षमा मागत बसू नकोस. यात थोडा धोका आहे, हे मला मान्य आहे. पण जुना कोड कधीतरी कोणीतरी चाळतंच, तेव्हा ते दुसऱ्याने दाखवण्यापेक्षा तू सांगितलेलं बरं. शिवाय तू त्यांना म्हणणार आहेस की पट्टीऐवजी माझ्या शब्दावर थोडा भरवसा ठेवा. तो शब्द आधी चोख हवा. आणि समोरचा माणूस सरळ असेल तर त्याला आपल्या डॅशबोर्डबद्दल याहून खणखणीत पुरावा कोणी देणार नाही.

ऐकून घेतलंच नाही तर? शुक्रवारच्या नोंदी तरीही पाठवत राहा आणि त्यांची प्रत स्वतःकडे ठेव. चार वर्षांचा अनुभव आणि पेमेंटचं काम केलेलं माणूस, तुला घरून करता येईल असं दुसरं काम मिळू शकतं. शोधायला आतापासून लाग. हातात दुसरं पत्र येईपर्यंत राजीनामा मात्र नको.

घरचं थोडं. आईला निंदण आणि वेचणीतला फरक सांगायची गरज नाही, तिला तो तुझ्या-माझ्याहून चांगला कळतो. तिला एवढंच सांग की तुझं काम निंदणाचं आहे. बाबांना दुसरं उदाहरण दे. कृषी केंद्रात क्यूआर स्कॅन करून त्यांनी पैसे दिले, खात्यातून कापले गेले आणि दुकानदाराला मात्र पोचलेच नाहीत, असं त्यांच्यासोबत नाही तर गावात कुणासोबत तरी झालेलंच असेल. ते पैसे अशा कुठल्या फटीत पडतात ते शोधून ती फट बुजवायची, हे तुझं काम. एवढं कळलं की 'डब्याले पाहत रायते' हे बोलणं बरंच कमी होईल. लग्नाचा विषय नोकरीला जोडू नका, हे मात्र तूच त्यांना स्पष्ट सांग, आणि नोकरी हातात असतानाच सांग. ते दोन वेगळे निर्णय आहेत, आणि दुसरा तुझा आहे.

पहिली नोंद याच शुक्रवारी पाठव. लांबलचक नको. काय झालं, काय काढून टाकलं, कुणाचं काम मोकळं केलं, आणि एक ओळ अडकण्याचीही. मी तुझ्या जागी असते तर ती शेवटची ओळ अशी लिहिली असती: 'बुधवारी सकाळी परताव्याच्या कोडमध्ये अडकले, दुपारी चॅनलवर विचारलं, संध्याकाळी सुटलं.'